माटवीचं पपनस

"नको," मी म्हटलं. "मोसंबं द्या, केळं द्या, चहात बुडवून खारी द्या. पपनस तेवढं नको."

कोल्हापूरच्या एका दवाखान्यात, डोळे तपासायच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी शिरोळचे मगदूम. ऊस, म्हशी आणि भरघोस मिशा या तिन्ही गोष्टींचे मालक. त्यांनी मांडीवर पंचा पसरून पपनस सोललं होतं आणि एक गुलाबी फोड माझ्यापुढे धरली होती. माझी बायको जयवंती पलीकडे औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होती. रांग बरीच लांब होती. एक गोष्ट सांगून व्हावी इतकी.

"घ्या की आजोबा," मगदूम म्हणाले. "घरच्या झाडाचं हाय. साखरंवानी."

"अहो, या फळानं एकदा माझ्या पोटात एका गोळीच्या सात गोळ्या केल्या. भरल्या मांडवात माझी पार... पण जाऊ दे. सांगून कुणाचा विश्वास बसत नाही, तुमचाही बसणार नाही. आजवर एकाही माणसाचा बसलेला नाही. आता उद्या एखाद्याचा बसलाच, तर मलाच काहीतरी चुकल्यासारखं होईल."

मगदूमांनी ती फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि बाकावर मांडी घातली. त्यांची सूनही पदर सावरून जवळ सरकली.

"आता सांगाच," ते म्हणाले.

तर सांगतो.

मी दत्ताराम मेस्त्री. धंद्यानं सुतार. पण सिंधुदुर्गात कुडाळपासून मालवणपर्यंत कुणालाही विचारा, सुतार म्हणून मला कोणी ओळखायचं नाही. दाजीबुवा म्हणून ओळखायचे. मी भजनी बुवा. आणि आमच्याकडचं भजन म्हणजे डोळे मिटून टाळ वाजवणं नव्हे. आमच्याकडे डबलबारी असते. एका मांडवात दोन बुवा समोरासमोर पेट्या घेऊन बसतात, पाठीशी आपापली मंडळी, पखवाज, झांजा. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच त्याला उत्तर द्यायचं. देवाचं नाव घेत घेत समोरच्याची अब्रू काढायची, आणि शेवटी एकमेकांच्या पाया पडायचं.

माझ्यासमोर नेहमी पुंडलिक गावकर असायचा. गोरा, उंच, कपाळावर अष्टगंध असा की बघणाऱ्यानं आधी त्यालाच नमस्कार करावा. गळा माझ्यापेक्षा बरा होता त्याचा. हे मी तुम्हाला सांगतोय, कारण तो इथे नाही.

एका वैशाखात, एका लग्नात, भजन आटोपून जेवण जरा अंगावर आलं होतं आणि माणसं भोवती जमली होती. अशा वेळी माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणून गेलो, "येत्या चवथीत, गणपतीतल्या बारीत पुंडलिकाकडे हरलो, तर माझी पेटी त्याच्या पायाशी ठेवीन. पुन्हा मांडवात बसणार नाही."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुंडलिकानं हसून माझी पेटी पुढ्यात ओढली, सुरांवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "सूर बरे आसत. माझ्या घराक शोभतली."

घरी आल्यावर जयवंतीनं पायांवर पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही.

"पेटी कोणाची?" तिनं विचारलं.

पेटी तिच्या वडिलांची होती. ते मोठे बुवा. मुलगा नव्हता, म्हणून लग्नात पेटी लेकीबरोबर आमच्या घरी आली. तीस वर्षं वाजवत होतो मी ती. इतक्या वर्षांत वस्तू कोणाची हे माणूस विसरतो.

"माझ्या बापाशीची पेटी पैजेर लावलास?" ती म्हणाली. "लावूची होती तर तुमची करवत लावूची."

"अगो, हरतलंय कित्याक मी?"

"जिंकलास तरी काय? पुंडलिक तुमका काय देतलो?"

हे मी विचारायला विसरलो होतो.

त्याच उन्हाळ्यात मला ब्लडप्रेशर निघालं. आरोग्य केंद्रात नवीन डॉक्टरीण आली होती, रामटेके नावाची, थेट भंडाऱ्याहून. पोरगी हुशार. समुद्र तिनं पहिल्यांदा आमच्याकडे बघितला, आणि मासे खायला मात्र एका आठवड्यात आमच्यापेक्षा भारी शिकली. तिनं मला सकाळची एक गोळी लावून दिली. आषाढ अख्खा गेला, गोळीनं काही त्रास नाही. प्रेशर कसं, शाळेतल्या शहाण्या मुलासारखं जागच्या जागी.

श्रावण लागला आणि परड्यातलं पपनस पिकलं. त्या वर्षी झाड असं लगडलं होतं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. एकेक फळ हे एवढं. दोन माणसांनी उचलायचं.

"आजोबा," मगदूम म्हणाले, "जरा कमी करा."

"बरं. एकानं उचलायचं, पण दोन्ही हातांनी. चालेल?"

"चालंल."

माझी समजूत अशी, की पपनस गळ्याला चांगलं. कफ कापतं. म्हणून रोज सकाळी गोळी घ्यायची, वर मीठ लावून अर्धं पपनस खायचं, आणि मग पेटी घेऊन पडवीत रियाझाला बसायचं. चवथीची बारी जवळ आली होती.

चार-सहा दिवसांतच एका सकाळी मी पेटीवर बोटं ठेवली, 'सा' लावला, आणि समोरचा माड सावकाश आडवा झाला. त्याच्या शेजारचाही झाला. तोंड तव्यासारखं तापलं, कानात भुंगे सुटले. खळ्यात, म्हणजे अंगणात, आमचं कुत्रं झोपलं होतं. ते मला तीन दिसले, आणि तिघंही वेगवेगळ्या कुशीवर.

"तीन?"

"दोन म्हणा. पण वेगवेगळ्या कुशीवर हे खरं."

पेटी बंद करून आडवा झालो की हळूहळू ठीक व्हायचं. संध्याकाळी तर मी घोड्यासारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी उघडली की पुन्हा माड आडवे. पाय सुजून चपला आत जाईनात. एकदा संध्याकाळी मी डॉक्टरणीकडे जाऊन आलो. तिनं हाताला पट्टा गुंडाळला, पंप दाबला, पारा बघितला आणि म्हणाली, "मस्त आहे आजोबा. एकदम मस्त. गोळी चालू ठेवा."

म्हणजे मला आजार नव्हता. आजार पेटीला होता.

आता तुम्हीच सांगा. सकाळी पेटीला बसलो की चक्कर, उठलो की बरं. आणि वैशाखात त्या पेटीवरून कोणी बोटं फिरवली होती? "माझ्या घराक शोभतली," असं कोण म्हणालं होतं? मी मांडीवर थाप मारली. "जयवंती, करणी!"

ती मासे साफ करत होती. वर न बघता म्हणाली, "करणी नाय नि फिरणी नाय. पपनस खाल्ल्यार तुमचा तोंड माकडासारखा लाल होता, ता बघा आधी."

"पपनस गळ्याक बरा."

"गळ्याक बरा. पन माणसाक?"

बायकांना या गोष्टी कळत नाहीत. मी बाबल गुरवाकडे गेलो.

आमच्या वाडीत राखणदार आहे, वडाखाली. बाबल गुरव त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालतो. आवाज असा की देवानं नाही म्हणायचं म्हटलं तरी त्याला फुरसत मिळू नये. मी नारळ ठेवला, माझी भजनी मंडळी मागे हात जोडून उभी राहिली.

"बा राखणदारा म्हाराजा!" बाबल म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"ह्यो तुझो लेकरू दत्ताराम. ह्येच्या पेटयेक जर कोणी वाकडो हात लायलेलो आसात..."

"व्हय म्हाराजा!"

"...तर ता जसा इला तसा आल्या वाटेन परत धाड. नि ह्येचा डोक्या गरगरता ता थांबव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग त्यानं कौल लावला. फुलाची पाकळी उजवीकडून पडली. बाबलनं डोळे मिटूनच उपाय सांगितला.

"चवथीक माटवी बांधतंस मा? तेच्यार पपनसां आसतली. थयला एक रोज काढायचा, उपाशीपोटी खायचा. अर्धा नाय. आख्खा."

माटवी तुम्हा घाटावरच्यांना ठाऊक नसेल. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, आणि तिला रानातली, परड्यातली, हाताला येतील ती फळं-फुलं बांधतात. कवंडळं, सुपारीचे घड, नारळ, काकड्या आणि पपनसं. आम्ही सुतार. मेस्त्र्यांची माटवी बघायला पंचक्रोशीतून माणसं येतात. तिची चौकट मी स्वतः फणसाच्या लाकडाची केलेली. पण माटवीचं फळ गणपती जाईपर्यंत कोणी काढत नाही. काढणं म्हणजे देवाच्या डोक्यावरची छत्री पळवणं.

जयवंतीनं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "विसर्जनाआधी माटवीर हात घालतलास?"

"देवाचो कौल आसा."

"देवाक काय, तेका गोळी घेवची नसता."

चतुर्थीला गणपती बसला. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे स्टुलावर चढून एक पपनस खाली काढायचो, आंघोळ करायचो, गोळी घ्यायचो आणि देवाचं म्हणून अख्खं फळ खायचो. कडू बीसुद्धा चावायचो, कारण करणी कडू असते असं बाबल म्हणाला होता. आणि मग काय विचारता! आधी माड आडवे होत होते, आता घर गोल फिरायला लागलं. चुलीशी बसलेली जयवंती एकदा मला न्हाणीघरात दिसली, एकदा कौलांवर.

मगदूमांनी मान तिरकी करून दवाखान्याच्या छताकडे बघितलं.

"बरं, कौलांवर नाही. न्हाणीघरात मात्र होती."

"ती न्हाणीघरातच असंल तवा," मगदूमांची सून म्हणाली.

मी घाबरून बाबलाला विचारलं. तो म्हणाला, "वाढला? बरा झाला! भायर पडताना ती तरास देतलीच. जितको तरास, तितकी ती भायर पडता." इतकं पटणारं उत्तर मला आजवर एकाही शिकलेल्या माणसानं दिलेलं नाही.

पाचव्या दिवशी बारी होती. एरवी बाऱ्या रात्री रंगतात, पण पुंडलिकाला रात्री कणकवलीला दुसरी बारी होती, म्हणून ही दुपारी लागली. आमच्या खळ्यात मांडव, समोर उघड्या दारातून गणपती दिसतोय, वर माटवी. माणसं इतकी की काही माडावर चढून बसली. हे खरं आहे. डॉक्टरीणही आली होती. तिनं माटवी पहिल्यांदा बघितली, प्रत्येक फळाचं नाव विचारत बायकांत जाऊन बसली.

मी त्या दिवशी एक शहाणपणा केला होता. म्हटलं, पुंडलिक दुपारी टोमणे मारणार, माझं प्रेशर दुपारी चढणार. मग गोळी सकाळी घेऊन वाया का घालवा? गोळी आणि पपनस, दोन्ही दुपारी जेवणाच्या वेळेला घेतली. पपनस दोन घेतली. उपायाचा शेवटचा दिवस, करणी पुरती जायला हवी.

नमन झालं, अभंग झाले. पहिला अर्धा तास मी वाघ होतो. मग गवळणीची वेळ आली. पुंडलिकानं कृष्ण घेतला, म्हणजे उत्तर मला राधा होऊन द्यायचं. तो पेटीवर रेलला, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, आणि सुरू झाला:

"राधे, गप्प का गं बसली? घागर कुठे गं फुटली?
कालपर्यंत गात होती, वाचा कोणी लुटली?"

मांडव हसला. माझ्या रियाझातल्या चकरा त्याच्या कानावर गेल्या होत्या, हे उघड होतं. आमच्या वाडीचा रिवाज असा की सवाल पडला की उत्तर येईपर्यंत ज्याच्यावर सवाल आहे त्याचा पखवाज चालू राहतो. पखवाज थांबला की बारी गेली. माझ्या पखवाजावर पुतण्या बाबी होता. त्यानं ठेका धरला. मी पेटीवर बोटं ठेवली, तोंड उघडलं.

आणि माड आडवे झाले नाहीत. मीच झालो. पेटीवर तोंडघशी. सगळे सूर एकदम वाजले. म्हैस विहिरीत पडल्यासारखा आवाज आला.

"करणी भायर पडली!" बाबल गुरव मागून ओरडला. "व्हय म्हाराजा!" दोघे-तिघे सवयीनं म्हणाले.

"बाजूला व्हा बाप्पा! हवा येऊ द्या." डॉक्टरीण माणसांतून वाट काढत आली. तिनं मला मंडळीच्या मागे घोंगडीवर आडवं केलं, पाय उचलून भाताच्या पोत्यावर ठेवले. पट्टा गुंडाळला. पंप दाबला, सोडला. पारा खाली उतरत गेला, उतरत गेला, आणि शेवटी आम्हाला तो मशीनच्या खाली शोधावा लागला.

"आजोबा!" मगदूम म्हणाले.

"बरं. मशीनमध्येच होता. पण तळाला."

"आजोबा, किती गोळ्या खाल्ल्या?" डॉक्टरणीनं विचारलं.

"एक."

"खरं सांगा. एका गोळीनं एवढं खाली जात नाही."

"देवाशपथ एक."

जयवंती माझ्या उशाशी येऊन बसली होती. "गोळी एकच," ती म्हणाली. "पन तेच्यावांगडा काय खातत ता विचारा." आणि तिनं उघड्या दारातून गणपतीवरच्या माटवीकडे बोट केलं.

डॉक्टरणीनं आत बघितलं. अर्धी माटवी रिकामी होती. कवंडळं होती, सुपाऱ्या होत्या, आणि मध्ये मध्ये नुसते सुंभाचे फास लोंबत होते, जत्रा उठून गेल्यासारखे.

"ते मोठं फळ, पपनस? गोळीबरोबर खाऊन राहिले होते? रोज?"

"श्रावणापासून," जयवंती म्हणाली. "नि आता आख्खा. आज दोन."

डॉक्टरणीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग तिनं सांगितलं ते मी आडवा पडून ऐकलं. पाय वर असले की माणूस लक्ष देऊन ऐकतो.

"बघा आजोबा, गोळी पोटात गेली का सगळीच्या सगळी रक्तात जात नाही. आतड्यात, लिव्हरमध्ये कामगार बसलेले असतात. ते गोळी तोडून टाकतात. जेवढी वाचून पार होते, तेवढी कामाची. ते धरूनच आम्ही गोळी देतो. हे फळ त्या कामगारांना सुट्टीवर पाठवते. मग सगळी गोळी सरळ आत. तुम्ही एक खाल्ली, अंगात कितीतरी गेल्या."

"म्हणजे पेटयेक काय झालेला नाय?" मी विचारलं.

"पेटीला कायले होते? गोळीनंतर एक-दोन तासांनी जोर चढतो, अन् त्याच वेळी तुम्ही पेटीवर बसता. संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा उतरला होता."

"पन आमचो बाळगो गवंडी हीच गोळी घेता, हीच पपनसां खाता," जयवंती म्हणाली. "तो मगे भिंती बांधता कसो?"

"सगळ्यांच्या पोटात सारखे कामगार नसतात, काकू. कोणाकडे फौज, कोणाकडे दोघे-तिघे. वय झालं का ते बी थकतात. अन् गोळ्या बी सगळ्या एकाच रस्त्यानं जात नाहीत. तुम्ही बी गोळी घेता ना, काकू, ती वेगळी आहे, तिले या फळाचं काही नाही." मग माझ्याकडे वळून, "सुट्टीवर गेलेले उद्या लगेच कामावर येणार नाहीत. पपनस बंद. गोळी मी सांगेन तेव्हाच. अन् आता उठायचं नाही."

इकडे बाबीचा पखवाज चालूच होता. धा तिट धा तिट. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून पखवाजाच्या पुडीवर टपटप पडत होता. पोराचे हात भरून आले होते, ठेका घसरायला लागला होता. पुंडलिकाच्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, "थांबव रे बाबी, मरशीत." पुंडलिक पेटीकडे बघत होता. आमच्या पेटीकडे. घरात तिला कुठे ठेवायची ते ठरवत असावा.

"दाजीकाका," बाबी रडकुंडीला येऊन म्हणाला, "माका आता जमना नाय."

तीस वर्षं हातात असलेली पेटी. सासऱ्यांची. आणि पखवाज थांबला की ती गेली, आणि माझं बुवापणही गेलं. मगदूम, त्या क्षणी माझ्या अंगात काय संचारलं ते मला आजही कळलेलं नाही. तुमचा विश्वास बसायचा नाही...

"आधी सांगा तर," मगदूम म्हणाले. त्यांच्या हातातली फोड तशीच राहिली होती.

मी उठलो. डॉक्टरीण "अहो, अहो" म्हणत राहिली, मी तिचा हात बाजूला केला. तीन ढांगांत पेटीपाशी. बसलो, भाता ओढला, आणि असा सूर लावला की माडावर बसलेले लोक खाली आले. गळ्यात पपनसाची कृपा म्हणा, त्या दिवशी आवाज असा चढला होता, असा पातळ आणि धारदार, की साक्षात राधाच बसलीय असं वाटावं. पुंडलिकाच्या डोळ्यांत डोळे घालून मी उत्तर दिलं, तिथल्या तिथे रचून:

"वाचा माझी जागेवर रे, खोड तुझी पण जाईना
सांगुन दमले, रागे भरले, अक्कल तुजला येईना
वैद्य सांगतो पथ्य तुला, तू उलटंच त्याचं करशी
भरल्या घरात, भरल्या दिवशी, आडवा होउन पडशी!"

मांडव कोसळला म्हणतात ना, तसं झालं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, काही हसता हसता डोळे पुसत होत्या. प्रत्येकीनं आपापल्या माणसाकडे बघितलं. बाबीच्या हातात नवा जीव आला. दुसरं कडवं, तिसरं कडवं, एकेक ओळ अशी की कृष्णाला तोंड लपवायला गोकुळात जागा राहू नये. पुंडलिक आधी हसू दाबत होता. मग त्याला ते दाबेना. त्यानं पेटीवरचा हात काढून गुडघ्यावर मारला आणि तसाच हसत बसला. त्याच्या पखवाजवाल्यानं ठेका धरला होता, तो वाजवून वाजवून थांबला.

"म्हंजे बारी तुमची!" मगदूमांनी पंच्यावर थाप मारली. पपनसाच्या साली उडाल्या. "पेटी ऱ्हायली!"

"राहिली. पुंडलिक उठून आला आणि पेटीच्या पाया पडला."

"वा आजोबा! वा! पर एक कळंना बघा." ते पुढे झुकले. "त्यो राधेचा राग. चक्कर येऊन पडलेला माणूस तुमी. एवढा बाईमाणसाचा राग तुमी आणलासा कुठनं?"

"ती कला असते, मगदूम," मी डोळे अर्धे मिटून म्हटलं. "बाईचा राग पुरुषाच्या गळ्यात उतरवायचा, तर आयुष्य जावं लागतं. आतून यावं लागतं ते. माझ्या आत ती राधा..."

"कोण उठलो?"

मागे जयवंती उभी होती. हातात औषधांची पिशवी. रांग कधी संपली मला कळलंच नाही.

मी म्हटलं, "जयवंती, ह्ये शिरोळचे मगदूम. ह्येंच्या घरी म्हशी आसत..."

"तीन ढांगांत, मा?" तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि मगदूमांकडे वळली. "भाऊनू, ह्येंचे पाय भाताच्या पोत्यार होते. नि डॉक्टरीण ते दाबून बसलेली, कारण ह्ये खरेच उठूक बघी होते नि परत पडी होते. माझ्या बापाशीची पेटी ती. तिच्यार बसलंय ता मी, गायलंय ता मी. मांडवात बायल बसली म्हणान बाबल गुरव बोंबललो, तरी बसलंय. श्रावणापासून रोज सकाळी ह्येंका सांगी होतंय, पपनस खाव नको, पपनस खाव नको." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. "राधेचो राग ह्येंका खयसून येतलो? तो माझो होतो."